सुरात दिलेला शब्द

रेव्हरंड मंगिन प्रवचनाला उभे राहिले की आधी बराच वेळ साधंच बोलायचे. कुणाचं पोर तापानं फणफणलंय, चर्चचं छप्पर कुठं गळतंय, ओसरीवर बसून बोलावं तसं. मग शास्त्रातलं वचन यायचं. आणि मग केव्हातरी, नेमकं केव्हा ते कुणालाच सांगता यायचं नाही, शब्दांना सूर लागायचा. ओळीच्या शेवटी छातीतून ‘हं’ असा श्वास सुटायचा, त्या श्वासावर आम्ही ‘होय प्रभू’ म्हणायचो आणि आमच्या आवाजावर पाय देऊन त्यांची पुढची ओळ वर चढायची. सवाना शहरातली एकूण एक चर्चं मी ऐकलीत. बिशपही ऐकलेत. पण आमच्या माउंट निबो चर्चमधल्या त्या सुरासारखा सूर मला कुठं भेटला नाही. बाहेर आम्हाला कुणी माणसात धरत नव्हतं. तो सूर लागला की आम्ही माणसांच्याही वर कुठंतरी असायचो.

आमच्यात एक रीत होती. आजीच्या काळापासूनची, गोऱ्यांच्या मळ्यावर गुलामीत लपूनछपून प्रार्थना व्हायच्या तेव्हापासूनची. प्रवचन सुरात असताना उभं राहून माणसानं जो शब्द दिला, तो थेट देवाच्या कानात गेला. साध्या बोलण्यातला शब्द मागं घेता येतो. सुरातला शब्द सुरातच सोडवावा लागतो. ज्यानं प्रवचन गायलं त्यानंच पुन्हा गाऊन सोडवायचा आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं.

ज्या सप्टेंबरात शहरानं ट्रामचा नियम काढला, त्याच्या पुढच्याच रविवारची गोष्ट. नियम असा की गोरे पुढून बसतील, काळे मागून, आणि गोऱ्यांना जागा पुरली नाही तर काळ्यानं उठायचं. त्याआधी आम्ही जागा मिळेल तिथं बसत होतो. त्या रविवारी रेव्हरंडांनी दावीद राजाची कथा घेतली. देवाचा कोश, म्हणजे त्याच्या आज्ञांची पवित्र पेटी, खांद्यावरून न्यायचा असा देवाचा हुकूम होता. दावीदानं तो नव्याकोऱ्या गाडीवर चढवला. बैल अडखळले, गाडीबरोबर चालणाऱ्या उज्जानं कोश सावरायला हात पुढं केला आणि तिथल्या तिथं मेला.

“देवाची वस्तू गाडीवर जात नाही,” रेव्हरंड म्हणाले, आणि सूर लागला. “खांद्यावर जाते, हं! पायी जाते, हं! तू कोण आहेस? तू देवाची वस्तू आहेस, हं! कोण चालणार माझ्याबरोबर?”

बाकं मोकळी झाली. सगळे उभे. “या गाडीत पाय ठेवणार नाही,” असं जो तो म्हणत होता. मीही म्हटलं. आणि मग पहिल्या बाकावरून डॉर्कस मावशी पुढं आली, दोन्ही हात वर केले. डॉर्कस हॅबरशॅम म्हणजे आमच्या वस्तीची सुईण. चर्चमधली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. ती सुरातच म्हणाली, “या गाडीवर मी पाय ठेवला, तर माझ्या हातात जे असेल ते देवानं काढून घ्यावं.”

आम्ही आमेन म्हटलं. दणक्यात म्हटलं. सुईणीच्या हातात काय असतं, हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही. उज्जाचा हात डोळ्यांपुढं होता, सूर चढलेला होता.

मग आम्ही चाललो. मी आणि डॉर्कस मावशी हिवाळाभर थंडरबोल्ट गावच्या कारखान्यात कालवं फोडायला जायचो. शहरापासून पाच मैल, शिंपल्यांचा पांढरा रस्ता, दोन्ही बाजूंना खाजणाची दलदल. शेजारून ट्राम जायची, रिकामी, खडखडत. आमच्या लोकांनी घोडागाड्या काढल्या होत्या. टायटस मोठ्यानं ओरडायचा, “बसा बायांनो, बसा! माझ्या गाडीत पुढची जागा घोड्याची, बाकी सगळ्या सारख्या!”

ट्रामचा कंडक्टर पायरीवर लोंबकळत म्हणायचा, “काय गं आंटी, बूट झिजले तर कंपनीला बिल पाठव हं!”

“बूट?” डॉर्कस मावशी न थांबता म्हणायची. “मला कुठले रे बूट? झिजत असेल तर तुझ्या कंपनीचंच काहीतरी झिजतंय बघ.”

हसत हसत पहिला हिवाळा गेला. देवानं आम्हाला हसू भरपूर दिलं होतं, घोडे मात्र दिले नाहीत. शहरानं गाडीवाल्यांना एकेक नवा नियम लावला, कुणाचा परवाना काढून घेतला, कुणाचा घोडा बसला तो उठला नाही. टायटसनं आपला घोडा विकला आणि बंदरावर कापसाच्या गासड्या उचलायला लागला. पावसात भिजून कामावर उशिरा पोचणाऱ्या बायांना मालकिणींनी काढून टाकलं. दुसऱ्या हिवाळ्यात लोक एकेक करून ट्रामच्या मागच्या दारानं चढायला लागले. आधी डोक्यावरून शाल ओढून, मग तसेच. मीही चढले.

रेव्हरंडही चढले. त्यांच्या बायकोचे, सबिनाबाईचे, पाय सुजून खांबासारखे झाले होते. त्यांनी तिला उचलून ट्रामच्या पायरीवर ठेवलं आणि मग स्वतः चढले. मागच्या बाकावरची आम्ही सगळी खिडकीबाहेर बघत होतो. दोष कोण कुणाला देणार?

पण त्यानंतर त्यांचा सूर लागेना. रविवारी ते उभे राहायचे, साधं बोलायचे, वचन वाचायचे, आम्ही पुढं सरकून वाट बघायचो, आणि ते साधंच बोलत शेवटापर्यंत जायचे. आम्हाला कुणालाच त्यांनी सोडवलं नाही. आम्ही न सोडवलेलेच गाडीत बसत होतो आणि त्याबद्दल बोलत नव्हतो.

एकटी डॉर्कस मावशी चालत होती.

तिला एकच पोर जगलेली, लविनिया. ती थंडरबोल्टला दिली होती, कोळ्याच्या घरात, एफ्रेमला. आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. दोन्ही वेळेला रक्त थांबेना, आणि दोन्ही वेळेला आईनं कपाशीच्या मुळाची साल उकळून पाजली, पोटावर हात ठेवून रात्रभर बसली आणि लेकीला परत आणलं. लेकीला तिसऱ्यांदा दिवस राहिल्यावर मावशी रेव्हरंडांच्या घरी गेली. मी बरोबर होते.

“रेव्हरंड, मला सोडवा,” ती म्हणाली. “अवेळी निरोप आला तर मला गाडीनं जावं लागेल. आणि मी गाडीनं गेले तर माझ्या हातात कोण असणार आहे, ते तुम्हीच सांगा.”

रेव्हरंड खुर्चीत बसले होते. “मावशी, देव काही असा टपून बसलेला नसतो. तुम्ही मोकळ्या आहात. मी सांगतो ना.”

“तुम्ही हे बसून सांगताय.”

ते खुर्चीतून उठायला गेले आणि पुन्हा बसले.

“शब्द मी उभी राहून दिला होता. तुमच्या सुरात दिला होता. या बोलण्यानं तो सुटत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.”

“येत्या रविवारी,” ते म्हणाले. “प्रभूची इच्छा असेल तर.”

त्या रविवारी सूर लागला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मावशी पहिल्या बाकावर ताठ बसायची. शेवटी तिनं ठरवलं की आठवड्याभरात पायीच जायचं आणि बाळंतपण होईतो लेकीकडं राहायचं. कपड्यांच्या घड्या घातल्या, सालीची पिशवी बांधली, ती चर्चलाही बरोबर आणायची.

वसंताचा रविवार होता. प्रवचन आटोपून लोक अंगणात उभे होते, तेवढ्यात एफ्रेमचा भाऊ केटो धापा टाकत आला.

“मावशी, लविनियाला कळा सुरू झाल्यात. पहाटेपासून. शेजारची म्हातारी फिलिस आहे जवळ, पण ती म्हणते डॉर्कसला आणा. लवकर आणा म्हणते.”

मावशी जागची हलली नाही. तिनं रेव्हरंडांकडं बघितलं. सगळ्या अंगणानं बघितलं.

“चला आत,” रेव्हरंड म्हणाले.

टोप्या घातलेली माणसं टोप्या काढून परत आत गेली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. बाकं भरली. मावशी पुढं उभी राहिली, पिशवी काखेत. रेव्हरंडांनी पुस्तक उघडलंच नाही. डोळे मिटले. म्हणाले, “प्रभू, ही तुझी लेक.” साधं. “ही तुझी लेक, हिनं शब्द दिला.” तेही साधं.

आम्ही गुणगुणायला सुरुवात केली. तोंड मिटून, खालच्या पट्टीत, अडलेल्या बाईच्या उशाशी बसून बाया गुणगुणतात तसं. “मदत कर त्याला, प्रभू,” मागून टायटस म्हणाला. “धर त्याला, प्रभू.” रेव्हरंडांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी ओळ उचलली. ती अर्ध्यात पडली. पुन्हा उचलली. त्यांचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या, आणि आवाज येत होता तो बाजारात भाव विचारणाऱ्या माणसाचा.

“मी चढलो,” ते एकदम म्हणाले. “मीच शब्द मोडून चढलो, मी काय सोडवणार?”

“तसं नका म्हणू रेव्हरंड!” सबिनाबाई बाकावरून ओरडली. “माझ्या पायांपायी चढलात तुम्ही!”

डॉर्कस मावशीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. “राहू द्या. उशीर होतोय,” ती म्हणाली. आणि माझ्याकडं वळली. “हेस्टर, तू गाडीनं जा. ही पिशवी घे. दोन मुठी साल, भांडंभर पाणी, निम्मं आटेपर्यंत उकळ. मूल बाहेर आलं की लगेच पाज, रक्ताची वाट बघत बसू नकोस. आणि पोट असं धर, मूठ अशी.” तिनं माझ्याच पोटावर मूठ ठेवून दाखवलं. “मी मागून आलेच.”

“मावशी, तुम्ही पण चला ना,” मी म्हटलं. “देव बघतोय सगळं. तो समजून घेईल.”

“तो समजून घेईलच गं. पण त्यानं ऐकलंय ना माझं.”

ती केटोला घेऊन चालू लागली, मी ट्रामकडं पळाले.

वसंतातला रविवार म्हणजे गोऱ्यांचा समुद्रावर जायचा दिवस. डबे, छत्र्या, लहान मुलं. मी मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. शहर संपायच्या आत पुढची बाकं भरली. कंडक्टर मागं आला, “ऊठ बाई.” मी उठले. मागच्या बाकावर एक गोरं कुटुंब बसलं, मी गाडीच्या मागच्या टोकाच्या उघड्या फळीवर दांड्याला धरून उभी राहिले. पुढच्या थांब्यावर सिगारेटी ओढणारे चार गोरे तरुण चढले. त्यांना वारा हवा होता, म्हणून ते फळीवर आले.

“उतर,” कंडक्टर म्हणाला. “पुढच्या गाडीनं ये.”

“भाऊ, बाई अडलीय थंडरबोल्टला. माझ्याकडं तिचं औषध आहे. मी कोपऱ्यात उभी राहते, कुणाला धक्काही लागायचा नाही.”

“मागची गाडी आहेच ना.”

“तीही भरलेली असेल. आज रविवार आहे.”

तो माझ्याहून लहान होता. चेहरा दुष्ट नव्हता, हे मी देवापुढं सांगेन. “मी काय करू?” तो म्हणाला. “नियम मी केलाय का? उतर, मला बोलणी खायला लावू नकोस.”

एका तरुणानं माझी पिशवी हुंगून बघितली आणि म्हणाला, “जादूटोण्याची मुळं दिसतात,” आणि सगळे हसले. खाजणावरच्या लाकडी पुलाच्या अलीकडं मला उतरवलं. बऱ्याच वेळानं पुढची गाडी आली, तिला हात केला, ती थांबलीच नाही.

मी चालायला लागले. आधी पळाले, मग दम लागला. हिवाळाभर गाडीत बसून माझे पाय मऊ झाले होते. पूल ओलांडला, ओकांची झाडं संपली, आणि मागं शिंपल्यांवर पावलं वाजली. डॉर्कस मावशी होती. केटो तिच्या मागं, तोंड उघडं टाकून धापा टाकत. ती माझ्या दुप्पट वयाची, पण दोन्ही हिवाळे तिनं हाच रस्ता तुडवला होता. तिनं मला बघितलं, ट्रामचे रूळ बघितले. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं निघाली. मी तिच्या मागं.

एफ्रेमच्या घराच्या पायरीवर बाया बसल्या होत्या. कुणी आम्हाला बघून उठलं नाही, तेव्हाच कळलं. आत बाळ रडत होतं, मोठ्यानं, चांगलं खणखणीत. मुलगी होती. लविनिया जागी होती. तिच्याखालचं अंथरूण, त्याच्याखालची फळी, सगळं लाल झालं होतं. म्हातारी फिलिस दोन्ही हातांनी तिचं पोट धरून बसली होती आणि रडत होती.

“आई,” लविनिया म्हणाली. “पायाला धूळ लागलीय तुझ्या.”

“लागू दे गं बाळा.”

मावशीनं एका हातानं पोट धरलं, दुसऱ्यानं मला खूण केली. मी भांडं चुलीवर ठेवलं, साल टाकली. एफ्रेम फुंकणीनं फुंकत होता, लाकडं ओली होती, धूर घरभर. मावशी लेकीशी बोलत होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, नुसता खालच्या पट्टीतला आवाज येत होता. पाण्याला आधण आलं, तेव्हा तो आवाज थांबला होता.

मी भांडं तसंच धरून उभी राहिले.

मावशीनं लेकीला धुतलं, केस विंचरले. बाळाची नाळ फिलिसनं कापली होती, ती तपासून पुन्हा बांधली. सगळं झाल्यावर पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली.

“तुला कुठं उतरवलं?”

“पुलाच्या अलीकडं.”

खाजणात भरती चढत होती.

“म्हणजे मलाही तिथंच उतरवलं असतं,” ती म्हणाली. “शब्दही मोडला असता आणि उतरवलंही असतं.”

दुसऱ्या दिवशी रेव्हरंड आले. चालत आले होते. काळ्या कोटाच्या खालच्या काठाला शिंपल्यांची पांढरी भुकटी लागली होती. ते मावशीपुढं उभे राहिले, बसले नाहीत.

“मावशी, मी रात्रभर प्रार्थना केली. येत्या रविवारी मी तुम्हाला सोडवेन. सूर नाही लागला तरी लागेपर्यंत उभा राहीन. संध्याकाळ झाली तरी.”

मावशी बाळाला कापसाच्या बोळ्यानं साखरपाणी पाजत होती. तिनं मान वर केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, मी शेजारीच होते, मला माहीत आहे.

“आता मला कुठं जायचंय, रेव्हरंड?”

ते तिथंच खाली बसले, कोटासकट, पायरीखालच्या मातीत. मावशीनं त्यांना उठा म्हटलं नाही. थोड्या वेळानं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि ती लेकीच्या अंगावर घालायचं पांढरं कापड शिवायला आत गेली.

मंगळवारी दफन होतं, थंडरबोल्टलाच, खाजणाच्या कडेला. माउंट निबोतले सगळे आले. ठरवून नाही, पण गाडीला कुणी हात केला नाही. म्हातारे, पोरंबाळं, बंदरावरून सुटी मागून आलेला टायटस, सगळे पायी. सबिनाबाईला चौघांनी खुर्चीत बसवून खांद्यावरून आणलं. वाटेत एक बाई म्हणाली, “पहिल्यासारखंच वाटतंय, नाही?” आमच्या शेजारून ट्राम गेल्या, रिकाम्या.

खड्ड्यापाशी रेव्हरंडांनी वचन वाचलं. साधं. आम्ही वाट बघितली. ते पुस्तक मिटून बाजूला झाले आणि मग बायांनीच गुणगुणायला सुरुवात केली, त्यांच्याशिवाय. डॉर्कस मावशी गुणगुणली नाही. मातीची मूठ टाकताना तिनं हात झटकला नाही, मूठ उघडली आणि तशीच उघडी धरून उभी राहिली.

बुधवारी सकाळी आम्ही कामाला गाडीनं गेलो. काय करणार? दोन दिवसांची मजुरी बुडाली होती आणि कारखान्यात कालवांच्या राशी पडल्या होत्या. मागचं बाक भरलेलं होतं, मी खिडकीशी. पुलाच्या पलीकडं डॉर्कस मावशी समोरून येताना दिसली, शहराकडं चाललेली, बाळ छातीशी बांधलेलं. आमच्या गल्लीतली एक बाई नुकतीच बाळंत झाली होती, तिला दूध होतं. तिच्याकडं नेत होती. ती रुळांच्या अगदी कडेनं चालत होती, कारण तिथं शिंपले कमी टोचतात.

बाकावरच्या सगळ्यांनी तिला बघितलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“घंटा नको वाजवू म्हणावं त्याला,” शेजारची म्हातारी पुटपुटली. “पोर झोपलं असेल.”

“सांग ना तूच,” मी म्हटलं.

तिनं नाही सांगितलं. मीही नाही. ट्राम हाकणाऱ्यानं तिला बघितलं आणि रुळांवरून दूर करायला पायाखालची घंटा जोरजोरात वाजवली, तिच्याजवळून जाईपर्यंत वाजवत राहिला.